शिट्टी नसलेला कुकर

आईनं दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर वरण होतं. 'डाळ दोनदा धुवावी. हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब. पाणी बेतानं. तीन शिट्ट्या.' 2009च्या ऑक्टोबरात उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी, वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात मी ती वही ओट्यावर उघडून ठेवली. डाळ दोनदा धुतली. 'बेतानं' म्हणजे किती, यावर थोडा विचार करून पाणी ओतलं आणि शिट्टीची वाट बघत उभा राहिलो. कुकर आधीच्या कुणीतरी मागे ठेवलेला, जर्मन बनावटीचा, चांगला जाड बुडाचा होता. त्याच्या मुठीपाशी एक बारीक दांडी वर आली, तिच्यावरच्या दोन रेघा दिसल्या, आणि पुढे काहीच घडलं नाही. अर्ध्या तासानं करपल्याचा वास आला. त्या जातीच्या कुकरला शिट्टी नसतेच, हे शेजारच्या खोलीतल्या एका मुलानं झाकण हातात धरून मला समजावून सांगितलं. 'मग तुम्हाला कळतं कसं?' असं मी विचारलं, तर त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

हे पुस्तक त्या करपलेल्या डाळीतून निघालं आहे. आईची वही माझ्याकडे होती ती भरत गेली. माझ्या मागून आलेल्या मुलामुलींनी तिच्या झेरॉक्स काढल्या, समासात आपापली भर घातली, काही ठिकाणी मला वेड्यात काढलं. त्या सगळ्या पानांची जुळवाजुळव करताना लक्षात आलं की आपल्याला स्वयंपाक येत नव्हता हे अर्धंच खरं होतं. आईनं लिहिलेल्या प्रत्येक ओळीत सांगलीचं आमचं अख्खं स्वयंपाकघर गृहीत धरलेलं होतं: गॅसची ज्योत, शिट्टीचा कुकर, कोपऱ्यावरच्या गिरणीतलं पीठ, नळाचं पाणी, आणि शेजारच्या खोलीतून 'झाल्या बघ तीन' असं ओरडणारं कुणीतरी. त्यातलं काहीच बॅगेत मावत नाही. मग कृती नुसती पाठ असून भागत नाही. तिच्यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे, हे एकदा स्वतःला विचारावं लागतं. बाकीचं पुस्तक म्हणजे त्या विचारपुशीची उत्तरं आहेत.

शिट्टीचंच घ्या. आपल्या कुकरवरचं वजन आतल्या वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो झाला की उचललं जातं. त्या दाबाला आतलं पाणी 100 अंशांऐवजी 120 अंशांच्या आसपास पोचतं, आणि डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज, एवढंच. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, बारीक आचेवर पंधरा मिनिटांत होतील. आई दर वेळी त्याच शेगडीवर, त्याच आचेवर, त्याच भांड्यात लावते म्हणून तिचं माप चुकत नाही. जर्मन कुकर दांडी दुसऱ्या रेघेपर्यंत आली की जवळपास त्याच दाबाला पोचलेला असतो, फक्त गाजावाजा करत नाही. तेव्हा या पुस्तकात शिट्ट्या नाहीत, मिनिटं आहेत, आणि ती दाब धरल्यापासून मोजायची आहेत. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला दहा-बारा मिनिटं पुरतात. नंतर आच बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा. भारतातून कुकर नेणारच असाल तर तो स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा न्या. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर ठेवला तर तो नुसता बसून राहतो. एकानं तो तसा दोन दिवस बसवून ठेवला आणि शेगडी बिघडली म्हणून वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं.

मिनिटंसुद्धा सगळीकडे सारखी नाहीत, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. ब्राउनश्वाइगला हार्त्सच्या डोंगरातल्या धरणांचं पाणी येतं, ते मऊ आहे. दक्षिणेत वुर्त्सबुर्गला एक मैत्रीण शिकत होती. तिथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं आणि जर्मनीत ते बदनाम जड आहे. आम्ही दोघांनी एकाच दुकानातून मागवलेली, एकाच पोत्यातली हरभऱ्याची डाळ. माझी मेणासारखी शिजायची, तिची दाताखाली कचकच करायची. बिचारी महिनाभर स्वतःला दोष देत होती. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि ते सुटू देत नाही, असं त्यामागचं कारण आहे. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी त्याच जातीचं आहे असं समजा. डाळ भिजवतानाच चिमूटभर खायचा सोडा घाला, आणि चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काहीही डाळ पुरती शिजल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. आंबटानंही डाळ अडून बसते. 'आमसूल मागाहून' हे आई सांगायचीच, पण कारण सांगायची नाही. कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगलीत त्यावाचून अडतही नव्हतं.

फोडणीचा घोळ वेगळा. जुन्या वसतिगृहांत अजून बिडाच्या तव्यासारख्या विजेच्या चकत्या आहेत. त्या तापायला पाच मिनिटं घेतात आणि बंद केल्यावर दहा मिनिटं तापलेल्याच राहतात. गॅसवर वाढलेल्या माणसाचा हात बटणाकडे जातो, बटण बंद होतं, आणि मोहरी तडतडल्यावर टाकलेली हळद त्याच्या डोळ्यांदेखत काळी पडते. तिथे आच कमी करायची एकच रीत आहे: भांडं उचलायचं. या पुस्तकात 'आच मंद करा' असं जिथे जिथे होतं तिथे मी 'भांडं बाजूला घ्या' असं केलं आहे. हिंग-हळद घालण्याआधी डाव्या हातात सांडशी असू द्या.

फोडणीचा वास हा मात्र सांडशीनं सुटणारा प्रश्न नाही. सहा-आठ जणांचं स्वयंपाकघर, बाहेर बर्फ, खिडक्या बंद, आणि ओट्यावरची चिमणी बहुतेक वेळा धूर बाहेर न टाकता जाळीतून फिरवून पुन्हा खोलीतच सोडणारी. तुमच्या लसणीचा वास तिसऱ्या खोलीतल्या मुलीच्या कोटाला दोन दिवस येतो. यावर आमच्या मुलांत दोन पंथ आहेत. 'आमचं खाणं आहे, सहन करा' असं म्हणणारा एक, आणि लाजून उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढणारा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, कोट आत नेऊन ठेवा असं इतरांना आधी सांगा, आणि शनिवारी कधीतरी त्यांनाही पानावर बसवा. ज्या घरानं एकदा आपलं थालीपीठ खाल्लं आहे त्या घराची वासाबद्दलची तक्रार निम्म्यावर येते, हा अनुभव आहे. रात्री दहानंतर मिक्सर मात्र लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा ही तिथे शांततेची वेळ असते आणि ती मनापासून पाळली जाते. ओल्या खोबऱ्याचं वाटण दहाच्या आत बसवायचं, नाहीतर उद्यावर ढकलायचं.

आता पीठ. याच्यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरची आठवण म्हणून सगळ्यांना आधी पोळी हवी असते आणि पोळीच सगळ्यात जास्त रडवते. जर्मन दुकानात पिठाच्या पुड्यावर नाव नसतं, आकडा असतो: 405, 550, 1050. शंभर ग्रॅम कोरडं पीठ पूर्ण जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख, म्हणजे किती क्षार, उरतात तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका कोंडा कमी. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा. मी पहिला महिना त्याच्याच पोळ्या केल्या, आणि त्या गार झाल्यावर ताटावर आपटल्या तर वाजायच्या. मग कुणीतरी सांगितलं, अख्ख्या गव्हाचं घे. ते घेतलं तर कोंडा मोठा आणि खरखरीत, पोळीच्या कडा चिरायच्या. गहू तोच असून असं का? आपली गिरणी गहू दोन दगडांत चिरडते. त्या दाबानं आणि उष्णतेनं पिठातले स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेला कण पाणी पुष्कळ पितो. म्हणून आपली कणीक सैल भिजते, मुरते आणि पोळी तव्यावर वाफ धरून मऊ राहते. तिथलं पीठ पावासाठी दळलेलं असतं आणि त्याच्याकडून लोकांची अपेक्षा वेगळी असते. भारतीय दुकानातलं आट्याचं पोतं आणणं हा सरळ मार्ग आहे. ते गावात नसेल तर 1050 घ्या, गरम पाण्यात भिजवा, तेल जरा सढळ घाला आणि कणीक तासभर झाकून ठेवा. फुलका ज्योतीवर फुगवायचा विचार सोडून द्या. तव्यावरच फडक्यानं कडा दाबून तो फुगतो, थोडा रुसतो एवढंच.

भाकरीच्या बाबतीत मला आजीचा एक शब्द उपयोगी पडला. ज्वारीचं पीठ परदेशी दुकानात पोचेपर्यंत कित्येक महिन्यांचं झालेलं असतं. थापायला घ्यावं तर काठ फाटतात, उचलताना तुकडे होतात. 'विरी गेली पिठाची,' आजी फोनवर म्हणाली. ज्वारीत गव्हासारखा चिकटा मुळातच नाही; आहे ती धरून ठेवायची ताकद ताज्या पिठात. ती गेली की उकळतं पाणी घालून तिच्यातला स्टार्च आधी फुलवून घ्यायचा आणि मग मळायचं. आजीला स्टार्च हा शब्द माहीत नव्हता. 'आधणाच्या पाण्यात भिजव' हे तिला पक्कं माहीत होतं, आणि असं कारणाच्या जवळ जाणारं उत्तर आमच्या घरात तिच्या एकटीकडून मिळायचं. आई 'अंदाजानं' म्हणायची, मावशी 'तुला कळेलच' म्हणायची. त्या दोघींना आम्ही मुलग्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं. ओट्याकडे जायचं ते ताट वाढून घ्यायला. विमानाच्या तिकिटाची तारीख ठरल्यावर शेवटच्या पंधरा दिवसांत जो घाईचा शिकवणीवर्ग भरतो त्यात वीस वर्षांची रजा भरून निघत नाही. आणि मुलींना सगळं येतंच ही समजूत तर अगदीच खोटी. आमच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी आली तेव्हा आम्ही तिघं मुलगे आशेनं तिच्याकडे बघू लागलो. तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं की तिला फक्त मॅगी येतं आणि ती इथे पूल बांधायला शिकायला आली आहे.

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या माणसांची पोटाची हकीकत जुनी आहे. 1888 साली लंडनला गेलेल्या गांधींनी खर्च कमी करायला एकच खोली घेतली, एक शेगडी विकत घेतली आणि सकाळचं खाणं घरी करू लागले. ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी. वीस मिनिटांत आटपायचं. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला, तोही त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवला आहे. 1920 नंतर डॉ. आंबेडकर लंडनमध्ये अभ्यास करत होते तेव्हाच्या त्यांच्या अर्धपोटी दिवसांचं वर्णन चरित्रांत आहे, त्यात रात्री भाजून खाल्लेले पापड आहेत. हे वाचताना मला नेहमी वाटतं, त्या पापडांचा पुडा हातात पडला तेव्हा किती बरं वाटलं असेल. आज परिस्थिती फार निराळी आहे. 2023-24च्या हिवाळी सत्रात एकट्या जर्मनीत 49 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. कुठल्याही देशातून तिथे आलेल्यांत ते सगळ्यात जास्त. व्हिसासाठी बँकेत जे पैसे आधी अडकवून दाखवावे लागतात ते सप्टेंबर 2024पासून वर्षाला 11,904 युरो आहेत, म्हणजे महिना 992. भाडं, आरोग्यविमा आणि प्रवास गेल्यावर यातून रोज बाहेर जेवता येत नाही. विद्यापीठाची खाणावळ, मेन्सा, दुपारची सोय स्वस्तात करते, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. तिथल्या मसूरच्या सारानं मला दोन हिवाळे तारलं आहे. पण संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी ती बंद असते, आणि रविवारी तर किराणा दुकानंही बंद. शनिवारी रात्री आठ वाजता घरात कांदा नाही हे लक्षात येणं म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय समजायचं नाही.

सामान मिळतं का, हा निघण्यापूर्वी सगळ्यांच्या आयांचा प्रश्न. मिळतं, पण कुणाच्या दुकानात काय मिळतं हे त्या देशाच्या इतिहासावर अवलंबून असतं. 1961 साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी मजुरांसाठी करार केला. त्या वेळी आलेल्यांच्या नातवंडांच्या दुकानांतून आज आपल्याला कोथिंबिरीची जुडी, भेंडी, वांगी, छोले आणि मसूर मिळतात. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, खोवलेला गोठवलेला नारळ हवा असेल तर तमिळ दुकान शोधा. 1983नंतर श्रीलंकेतून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांनी ती उभी केली. पूर्वेकडे ड्रेस्डेन-केम्नित्सला गेलात तर व्हिएतनामी दुकानं दिसतील. 1980च्या दशकात पूर्व जर्मनीच्या कारखान्यांत कामाला आणलेल्यांपैकी जे भिंत पडल्यावर मागे राहिले, त्यांच्यापासून त्यांची सुरुवात झाली. आलं, हिरव्या मिरच्या, तांदळाचं पीठ तिथे घ्या. आपलं वरण-भात-भाजीचं ताट तिथे भरतं ते अशा तीन देशांच्या पायपिटीवर.

बॅगेत काय न्यावं याची यादी मागच्या पानांत आहे. इथे फक्त विमानतळावर रडण्याची वेळ येऊ नये म्हणून दोन गोष्टी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आजीचं तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या सगळं आलं. तूप तिथे करा. पाव किलोच्या लोण्याच्या दोन वड्या कढवायला अर्धा तास लागतो आणि वास घरभर, या वेळी कुणाची तक्रार नसते. ताजी फळं, भाज्या, पानं यांनाही 2019च्या डिसेंबरपासून रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून पाच फळं सुटली आहेत: केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. कोकणातल्या वाचकांनी आनंद मानायला हरकत नाही. पण तोच नारळ सुकवलात तर पंचाईत होते. सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि विमानतळावर बॅगेतून काढून घेतलं जातं. गोडा मसाला घरून करून न्या, त्यातलं खोबरं भाजून-कुटून गेलेलं असतं.

काही गोष्टी तिथल्याच घ्याव्यात, आणि त्या आपल्याइतक्याच चांगल्या असतात, हे कबूल करायला मला उशीर लागला. क्वार्क नावाचा पांढरा, निथळलेला प्रकार प्रत्येक दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात मिळतो. तो आपला चक्काच म्हणा, आंबटपणा जरा कमी. पिठीसाखर आणि वेलची घातली की पाडव्याचं श्रीखंड दहा मिनिटांत. दही घेताना डब्यावर 'मिल्ड' लिहिलेलं टाळा. त्यातलं विरजण मुद्दाम सौम्य निवडलेलं असतं, आणि त्याची कढी कितीही उकळा, दुधाच्या सारासारखी लागते.

दोन ठिकाणी मात्र या पुस्तकात मी थट्टा बाजूला ठेवून दटावलं आहे. राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर मरत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि आधी खळखळून दहा मिनिटं उकळा. आणि उद्याच्या फोडणीच्या भातासाठी उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजल्यावरही काही जिवाणूंची बीजं भातात टिकून राहतात, कोमट भातात ती वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष परतल्यानं जात नाही. भात पसरून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'चं ऋण मान्य केल्याशिवाय मराठीत असं पुस्तक लिहिता येत नाही. 1970 सालापासून ते सासरी निघालेल्या मुलींच्या सामानात जात होतं. आमच्या काळात ते एम.एस. करायला निघालेल्या मुलग्यांच्याही बॅगेत गेलं. 'अंदाजानं' या शब्दाला वाटी-चमच्यांत बसवण्याचं काम त्यांनी केलं. मी त्यात मिनिटं, पाण्याचा जडपणा आणि पिठाचे आकडे घातले, एवढीच माझी भर.

पहिली कृती पिठल्याची आहे, वरणाची नाही. त्याला कुकर लागत नाही, तुमच्या गावचं पाणी जड आहे की मऊ याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि बेसन तुर्की दुकानातही मिळतं. आधी भाताचं आधण ठेवा, तांदूळ वैरा, मग कांदा चिरायला घ्या. भात होईतो पिठलं होतं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलंत तर गाठी होणार नाहीत. झाल्याच, तर आमच्याकडे मुद्दाम गाठींचं पिठलं करायची पद्धत आहे असं सांगा. वसतिगृहात ते कुणी तपासायला जात नाही.